छतावरच्या सोलरचं अनुदान नेमकं कुणाच्या कामाचं?

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' आणली. एक कोटी घरं आणि 75,021 कोटी रुपये, असा तिचा पसारा. एवढा पैसा घराच्या छतांवर घालणं योग्य आहे का, याचं उत्तर प्रत्येकाच्या वीजबिलात सापडतं.

अनुदान असं मिळतं: पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000. म्हणजे 78,000 झाले की संपलं. छतावर दहा किलोवॅट बसवले तरी त्यापुढे एक रुपया वाढत नाही. पॅनेल भारतीय बनावटीचीच लागतात. राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, नोंदणीकृत विक्रेत्याकडून जोडणी, नेट मीटर, तपासणी हे सगळं झाल्यावर रक्कम बँक खात्यात येते. त्यामुळे विक्रेत्याचे पैसे आधी आपल्यालाच उभे करावे लागतात, काही जण त्यासाठी कर्ज काढतात.

एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि महिन्याला सुमारे 120 युनिट मिळतात. दुपारी वापरून उरलेली वीज महावितरणच्या तारांत जाते, नेट मीटर ती मोजतो आणि रात्री घेतलेल्या विजेतून वजा करतो. वजाबाकी सर्वांत महाग स्लॅबपासून सुरू होते. खरी मेख इथेच आहे.

हिशेबासाठी पहिल्या शंभर युनिटना 6 रुपये, त्यापुढे 11 रुपये आणि प्रत्येक किलोवॅटचा खर्च 65,000 धरू. महिना 250 युनिट लागणाऱ्या घराने दोन किलोवॅट बसवले, तर 240 युनिटचे जवळपास 2,200 रुपये वाचतात. खर्च 1,30,000, त्यातले 60,000 सरकारचे. उरलेले 70,000 पावणेतीन वर्षांत वसूल होतात. अनुदान नसतं तरी पाच वर्षांत झाले असते, आणि पॅनेल तर पंचवीस वर्षं चालतं.

आता 80 युनिटचं घर घ्या. एक किलोवॅटने त्याचे महिन्याला 480 रुपयेच वाचतात. जास्तीची वीज खात्यात साठते, पण वर्षअखेरीस तिला मिळणारा भाव अगदीच कमी असतो. अनुदान धरून पैसे सुटायला सहा वर्षं लागतात, अनुदानाशिवाय अकरा. शिवाय 65,000 रुपये आधी उभे करायचे ते वेगळेच. म्हणजे ज्या घराला सरकारच्या मदतीशिवाय सोलर परवडतंच, त्याला 60-78 हजार मिळतात आणि ज्याचा सगळा निर्णय अनुदानावर अडलेला आहे, त्याच्या वाट्याला 30 हजार येतात. हा पैसा वाया जातो असं मी म्हणणार नाही, पण त्याचा रोख चुकला आहे असं मला ठामपणे वाटतं. शंभर युनिटच्या आतल्या घरांसाठी महाराष्ट्राने 'स्मार्ट' नावाची पूरक मदत सुरू केली आहे. ती दिशा योग्य आहे, केंद्रानेही त्याच वाटेने जावं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण वेगळी: छत सोसायटीचं. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी सोसायटीला किलोवॅटमागे 18,000 मिळतात आणि त्याचा फायदा मासिक देखभाल खर्चातून सगळ्यांपर्यंत पोहोचतो. भाडेकरूंसाठी मात्र या योजनेत फारसं काही नाही.

विक्रेते सहसा सांगत नाहीत अशी एक गोष्ट: लाइट गेली की बॅटरी नसलेलं साधं सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम तसा बनवलेला असतो. आणि बिल शून्यावर आलं तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

विक्रेत्याला फोन करण्याआधी मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि युनिटची सरासरी पाहा. ती दीडशेच्या वर असेल आणि छतावर सावली नसेल, तर अर्ज जरूर करा, मात्र गरजेपेक्षा मोठा प्रकल्प गळ्यात मारून घेऊ नका. शंभराच्या आत असेल, तर राज्याची पूरक मदत मिळते का, हे महावितरणच्या कार्यालयात आधी विचारा आणि मगच सही करा.