ब्रूम टेरेसमधील मशीद

मशीद म्हटली की डोळ्यांपुढे घुमट आणि मिनार उभे राहतात. लिव्हरपूल शहरातील ब्रूम टेरेसच्या आठ क्रमांकाच्या घराला बाहेरून यांपैकी काहीच नाही. तरीही ब्रिटनमधील अगदी आरंभीची ही मशीद. भोपाळच्या शाहजहान बेगमेच्या देणगीतून उभी राहिलेली वोकिंगची घुमटदार मशीद हिच्याच वयाची.

विल्यम हेन्री क्विलियम हे येथले वकील. मोरोक्कोच्या प्रवासाने ते इस्लामकडे ओढले गेले आणि १८८७ साली अब्दुल्ला क्विलियम झाले. अनुयायी मोजके, त्यात भाड्याची पहिली जागा घरमालकाने काढून घेतली. अखेर १८८९ च्या नाताळच्या दिवशी ब्रूम टेरेसचे दार उघडले, तेही गोरगरीब मुलांना न्याहारी देऊन! याच मुलांचे वडीलधारे पुढे अजान देणाऱ्यावर दगड भिरकावीत नसतील कशावरून? दगड, चिखल मात्र खरोखर येत असे. क्विलियम डगमगले नाहीत. १८९३ पासून त्यांनी साप्ताहिक चालविले, अनाथ बालकांसाठी आश्रम काढला. अफगाणिस्तानचे शाहजादे नसरुल्ला खान यांनी १८९५ साली अडीच हजार पौंड दिले.

१९०८ मध्ये क्विलियम देशाबाहेर गेले आणि सारे विस्कटले. वास्तू नगरपालिकेकडे गेली. मूरिश कमानींच्या त्या दालनात कित्येक दशके जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या रचून ठेवल्या होत्या. क्विलियम यांचे नाव धारण करणाऱ्या संस्थेने डागडुजी करून २०१४ साली ते दालन नमाजासाठी पुन्हा खुले केले.