संप्रेरके आणि वाटणीतील न्याय

वाटणीच्या वेळी एखादा भागीदार हट्टास पेटला की, “रक्तच तापट, त्याला तो तरी काय करणार?” असे आपण सहज म्हणून जातो. स्वार्थाचा भार शरीरावर टाकणे पुष्कळांस सोयीचे वाटते. शास्त्रज्ञांनी या समजुतीची परीक्षा पाहिली आहे. व्यापारी वर्गाने तरी ती जाणून घ्यावी.

शरीरातील काही ग्रंथींचे स्राव नलिकेवाटे न जाता थेट रक्तात मिसळतात. त्यांना संप्रेरके अथवा हार्मोन्स म्हणतात. त्यांपैकी टेस्टोस्टेरॉन पुरुषांत अधिक व स्त्रियांत अल्प असते. आक्रमकपणाचे खापर बहुधा त्याच्यावरच फुटते.

न्यायबुद्धी पारखण्यासाठी वेर्नर ग्यूट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली जर्मनीत एक खेळ योजला. एकाने ठराविक रकमेची वाटणी सुचवावयाची. दुसऱ्याने ती मान्य केल्यास दोघांस आपापला वाटा मिळतो. नाकारल्यास दोघेही रिकाम्या हाताने परततात. घासाघीस नाही, एकच बोल. निव्वळ हिशेबाने पाहता दुसऱ्याने मिळेल ते पदरात पाडून घ्यावे. पण क्षुल्लक वाटा पुष्कळ जण नाकारतात, अपमानाची किंमत स्वतःच्या खिशातून भरतात! पेढीवर बसणाऱ्यास याचे नवल वाटणार नाही.

टेरेन्स बर्नहॅम यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २६ पुरुषांपुढे ४० डॉलरपैकी अवघे ५ देऊ करण्याचा प्रसंग होता. ज्या ७ जणांत टेस्टोस्टेरॉन सर्वाधिक होते त्यांतील ५ जणांनी ते नाकारले. उरलेल्या १९ जणांत नाकारणारा एकच निघाला. येथवर तापट रक्ताची गोष्ट खरी वाटते.

परंतु झुरिच येथे ख्रिस्तोफ आयसेनेगर, एर्न्स्ट फेर प्रभृतींनी केलेला व २००९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला प्रयोग निराळेच सांगतो. १२१ स्त्रियांपैकी काहींना अर्धा मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, तर इतरांना निरुपद्रवी द्रव्य देण्यात आले. कोणास काय दिले हे त्यांना सांगितले नव्हते. टेस्टोस्टेरॉन मिळालेल्यांनी अधिक न्याय्य वाटणी सुचविली! शास्त्रज्ञांची उपपत्ती अशी की, हे संप्रेरक लोभापेक्षा प्रतिष्ठेची जाणीव वाढविते. आणि आपला प्रस्ताव धुडकावला जाणे ही मानहानीच असल्याने मनुष्य आधीच पुरेसे देऊ करतो. बर्नहॅम यांचे मानी पुरुषही या उपपत्तीत बसतात. मात्र त्याच वर्षी पॉल झॅक यांनी अमेरिकेत पुरुषांवर केलेल्या प्रयोगात टेस्टोस्टेरॉनने उदारता घटल्याचे आढळले. तेव्हा घाईने निर्णय देणे बरे नव्हे.

झुरिचच्या प्रयोगातील खरी मौज पुढेच आहे. आपणांस काय दिले असावे, असे त्या स्त्रियांना विचारले होते. ज्यांना आपल्याला टेस्टोस्टेरॉनच मिळाले असे वाटत होते, त्यांनी अधिक अन्यायाची वाटणी सुचविली होती. मग त्यांच्या रक्तात ते खरोखर गेलेले असो वा नसो.