टीम बिल्डिंगने नक्की काय वाढतं?

मागच्या वर्षी मी एका ऑफिसमधल्या टीम बिल्डिंगवर पायलट स्टडी केला. 'दोन खरं, एक खोटं' हा ओळखीचा खेळ, स्पॅगेटीच्या काड्यांचा मनोरा, मग जेवण. संध्याकाळी प्रश्नावली वाटली. बहुतेकांनी पाचपैकी पाच गुण दिले. मी खूश! गाईडनी फॉर्म चाळले आणि एवढंच विचारलं, "जेवण चांगलं होतं का?"

मुद्दा लक्षात आला ना? सत्र संपताच मोजलेला आनंद म्हणजे सुधारलेलं काम नव्हे. सत्राआधीचं मोजमाप माझ्याकडे नव्हतं, तुलनेला असं सत्र न झालेला विभागही नव्हता. सगळा डेटा बाद.

तुम्ही विषय निवडताना हे आधी वाचा. १९९९ साली एदुआर्दो सालास आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून (यालाच मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणतात) पाहिलं. टीम बिल्डिंगचा कामगिरीवर एकूण लक्षणीय परिणाम दिसला नाही. २००९ मध्ये कॅमेरॉन क्लाइन, सालास वगैरेंनी पुन्हा तेच केलं, तर मध्यम का होईना, चांगला परिणाम निघाला. मग खरं कोणाचं? दोघांचंही असू शकतं. पहिल्यांदा फक्त कामगिरी मोजली होती. दुसऱ्यांदा संघातल्या लोकांच्या भावना आणि एकत्र काम करायची पद्धतही धरली, आणि परिणाम जास्त दिसला तो तिथेच. म्हणजे तुमचं उत्तर तुम्ही काय मोजता यावर ठरतं.

आणखी एक. टीम बिल्डिंगचे चार भाग मानतात: ध्येय ठरवणं, परस्परसंबंध, भूमिका स्पष्ट करणं, समस्या सोडवणं. १९९९ मध्ये त्यातल्या भूमिका स्पष्ट करण्याचाच उपयोग दिसला. २००९ मध्ये ध्येय आणि भूमिका हे दोन्ही पुढे होते. 'कोणाचं काम कोणतं' हे फळ्यावर लिहून काढणं फोटोत काही छान दिसत नाही, म्हणून बहुधा सत्रातून तेच गळतं.

आता माझी दुसरी चूक. डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, असा एक खेळ होता. एक क्लार्क बाई बाजूला उभ्या होत्या. साहेब म्हणाले, "अहो, या की, मजा असते!" त्या आल्या. संमतीपत्रावर त्यांची सही आहे, पण तीही साहेबांसमोरच झालेली.

यंदा संमती घेताना साहेबांना खोलीबाहेर थांबायची विनंती केली. चौघांनी नाही म्हटलं.