मासा जिवंत आहे, पण धडधाकट?

पैठणच्या धरणात, म्हणजे गोदावरीवरच्या नाथसागरात, जाळं ओढलं की रोहू, कटला जोरात उसळतात. त्याच वेळी माशाच्या अंगात आणखी एक घडामोड चालू असते. काही मिनिटांत रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, पाठोपाठ साखर वाढते आणि निसटायला बळ मिळतं. माणसात हे संप्रेरक मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत बनतं. माशाला अशी वेगळी ग्रंथी नसते. मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात विखुरलेल्या पेशी हे काम करतात. मेंदूतल्या पीयूष ग्रंथीकडून ‘एसीटीएच’चा निरोप आला, की या पेशी कोलेस्टेरॉलपासून टप्प्याटप्प्यानं कॉर्टिसॉल तयार करतात.

कीटकनाशक घात करतं ते इथेच. पैठण-गंगापूरच्या शिवारात कपाशीवर औषध मारलं आणि मागोमाग जोराचा पाऊस झाला, तर त्यातलं काही ओढ्यांतून गोदावरीत उतरू शकतं. पाणी ओसरल्यावर होणारी गाळपेर तर धरणाच्या पोटातच असते. विषाचा पहिला झटका बसला की माशाचं कॉर्टिसॉल बहुधा वाढतं. ते वाढलेलंच राहिलं, तर वाढ खुंटते आणि रोगप्रतिकारशक्ती घटते. काही विषं मात्र त्या पेशींनाच निकामी करतात. मग निरोप येतो, पण कॉर्टिसॉल बनतच नाही. ठाण्यात फोन लागावा आणि गाडीत डिझेलच नसावं, तशी गत.

कॅनडातल्या संशोधक ॲलिस होंटेला यांनी हा बिघाड उलगडला. प्रदूषित पाण्यातले मासे पकडले जाऊनही त्यांचं कॉर्टिसॉल नेहमीसारखं वाढत नाही, हे त्यांच्या गटानं 1992 मध्ये दाखवलं. 2002 मध्ये ट्राउट माशाच्या पेशींवर चार कीडनाशकं तपासली, तेव्हा सर्वांत घातक ठरलं एंडोसल्फान. आपल्याकडच्या कपाशीवरही ते फवारलं जायचं. सर्वोच्च न्यायालयानं मे 2011 मध्ये त्यावर बंदी आणली. पण माशांना अत्यंत विषारी असलेलं सायपरमेथ्रीन हे कीटकनाशक आजही वापरात आहे.

म्हणून मेलेले मासे मोजून पाण्याची पारख होत नाही. जिवंत माशाला एसीटीएच टोचून त्याचं कॉर्टिसॉल किती चढतं, हे बघायला हवं. शेतकऱ्यांनीही फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नये, पाण्याकडेचा पट्टा फवारणीविना सोडावा आणि पावसाचा रंग दिसला तर फवारणी पुढे ढकलावी. प्रश्न फक्त माशांचा नाही; छत्रपती संभाजीनगरच्या नळाला येणारं पाणीही याच धरणाचं आहे.