प्रमाणित चाचण्या : मोजमाप आणि शिक्षा यांतील फरक

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील सरकारी शाळांमधील प्रमाणित चाचण्यांच्या वादाचा थोडक्यात परामर्श घेतला आहे. सर्व विद्यार्थ्यांना एकाच पद्धतीने दिली जाणारी व एकाच निकषाने तपासली जाणारी परीक्षा म्हणजे प्रमाणित चाचणी.

जानेवारी २००२ मध्ये तेथे 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' हा कायदा अमलात आला. तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी आणि दहावी ते बारावीच्या दरम्यान एकदा वाचन व गणिताची चाचणी सक्तीची झाली. निकाल वंश, गरिबी, अपंगत्व व इंग्रजीचे अपुरे ज्ञान यांनुसार वेगवेगळे जाहीर करावयाचे होते. २०१३-१४ पर्यंत सर्व मुले निकषास उतरावीत असे उद्दिष्ट होते. संघीय अनुदान घेणाऱ्या ज्या शाळा सतत मागे पडत, त्यांच्यावर पुनर्रचनेपर्यंतची कारवाई होई.

समर्थकांची बाजू

सरासरी फसवी असते. शंभरपैकी ऐंशी मुले उत्तीर्ण झाली तर शाळा चांगली दिसते. परंतु उरलेल्या वीसपैकी पंधरा एकाच गरीब वस्तीतील असतील, तर ती बाब सरासरीत बुडून जाते. गटवार निकालांमुळे ती उघड झाली. म्हणूनच २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सुमारे एक पंचमांश विद्यार्थी चाचणीस बसले नाहीत, त्या वर्षी अनेक नागरी हक्क संघटनांनी अशा बहिष्कारास विरोध केला.

विरोधकांची बाजू

गुणांवर शाळेचे भवितव्य ठरू लागले की गुणच अविश्वसनीय होतात, हा मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांचा सिद्धांत येथे प्रत्ययास आला. वाचन व गणितापुढे इतिहास, कला हे विषय मागे पडले. निकष ठरविणे राज्यांच्या हाती असल्याने ते सैल ठेवण्याचा मोह होता. अटलांटा येथे २०११ च्या चौकशीत १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांवर गैरप्रकाराचा ठपका आला. २०१५ मध्ये अकरा जण न्यायालयात दोषी ठरले. सर्वाधिक नुकसान झाले ते कच्च्या मुलांचे. खोट्या गुणांमुळे त्यांची निकड दडली व मदत मिळाली नाही. आरंभी समर्थक असलेल्या इतिहासकार डायेन रॅविच यांनी २०१० च्या ग्रंथात आपले मत बदलल्याचे मांडले.

डिसेंबर २०१५ च्या नव्या कायद्याने चाचण्या व गटवार निकाल कायम ठेवले. मागे पडलेल्या शाळांबाबतचे बरेचसे निर्णय मात्र राज्यांवर सोपविले.

समारोप

या वादातून एक गोष्ट स्पष्ट होते : गटवार मोजमाप दुर्बलांच्या हिताचे असते, त्याला शिक्षा जोडली की तेच मोजमाप बिघडते. आपल्याकडे सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने समाजवार आकडेवारीचे महत्त्व दाखवून राष्ट्रीय माहितीकोशाची शिफारस केली होती. महाविद्यालयीन शिक्षकांना हे काम स्वतःच्या विभागातही करता येईल. प्रथम वर्षाचे निकाल उर्दू, मराठी, कन्नड अशा माध्यमांनुसार, मुले-मुली व घरातील पहिल्या पिढीचे विद्यार्थी यांनुसार मांडून पाहावेत. ते सूचनाफलकावर लावू नयेत, कोणाच्या पगारवाढीशी जोडू नयेत. जादा तास कोणासाठी घ्यावयाचे, एवढे त्यांवरून ठरविता आले तरी चाचणीचे सार्थक झाले.