चलच्चित्रांची देवघेव

मोबाईल हातीं आल्यापासून चलच्चित्र टिपणें हें घरोघरचें काम झालें आहे. शाळेचें स्नेहसंमेलन असो कीं घरचें लग्नकार्य असो, एकच प्रसंग चौघे जण चार यंत्रांवर टिपतात. परंतु तीं चारही चित्रणें एकत्र करून त्यांचा सुसंगत पट जुळवावयास बसलें, म्हणजे अडचणींस प्रारंभ होतो. एकाची फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडत नाहीं. उघडलीच, तर ओंठ आधीं हलतात व शब्द मागून येतात. असें कां होतें व तें टाळण्यास काय करावें, याचा थोडक्यांत विचार येथें करावयाचा आहे.

एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पाठविलेलें पत्र वाचलें जाण्यास तीन गोष्टी जुळाव्या लागतात. तें नेणारा पाहिजे, लखोटा फोडतां आला पाहिजे आणि आंतील लिपि वाचतां आली पाहिजे. मजकूर मराठीच असला, तरी तो मोडींत लिहिलेला असेल व वाचणारास बालबोधच येत असेल, तर पत्र येऊनहि न आल्यासारखेंच. चलच्चित्राचेंहि अगदीं असेंच आहे.

प्रथम नेणाऱ्याचा विचार करूं. पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क यांवर फायली मांडून ठेवण्याची एक व्यवस्था असते, व ती प्रत्येक संगणकाची निराळी. विंडोजची नेहमींची व्यवस्था एनटीएफएस. मॅकची २०१७ पासूनची एपीएफएस. मॅक संगणक एनटीएफएस डिस्क वाचतो, पण जादा साधनाशिवाय तीवर लिहूं शकत नाहीं. विंडोजला तर एपीएफएस डिस्क आपण होऊन वाचतांहि येत नाहीं. जुनी फॅट३२ व्यवस्था दोघांसहि चालते, पण तींत चार गिगाबाइटांहून मोठी फाईल मावत नाहीं. म्हणून मायक्रोसॉफ्टनें २००६ सालीं काढलेली एक्सफॅट ही व्यवस्था देवघेवीस सोयीची होय; तींत दोहोंकडे वाचतांहि येतें व लिहितांहि येतें. मात्र व्यवस्था बदलतांना डिस्कवरील सर्व कांहीं पुसलें जातें, हें विसरूं नये.

आतां लखोटा व लिपि. फाईलच्या नांवाशेवटीं एमपी४ किंवा एमओव्ही हीं अक्षरें दिसतात, तो नुसता लखोटा होय. आंत चित्र ज्या संक्षेपलिपींत लिहिलेलें असतें, तिला कोडेक म्हणतात. ही लिपि लागतेच कशाला? हिशेब करून पाहूं. एका चित्रांत १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्यास तीन बाइट आणि सेकंदास पंचवीस चित्रें धरलीं, तर एका तासास सुमारें ५६० गिगाबाइट जागा लागेल! एवढा पसारा आटोपशीर करण्यासाठीं २००३ सालीं एच.२६४ व २०१३ सालीं एचईव्हीसी या लिपि निघाल्या. आयफोनवर २०१७ पासून एचईव्हीसी आली; पण कित्येक विंडोज संगणकांवर तिचें साधन निराळें बसवावें लागतें. लखोटे सारखे असूनहि एक फाईल उघडते व दुसरी उघडत नाहीं, याचें हें कारण.

हा संक्षेप होतो कसा? जमाखर्चाच्या वहींत एकदां नांव लिहून खालीं नुसतें 'सदर' लिहीत जावें, तशी ही युक्ति आहे. एक चित्र पूर्ण ठेवावयाचें व पुढील चित्रांत जें बदललें तेवढेंच नोंदवावयाचें. पाहणारास हें पुरतें. पण संकलन करणारा मध्येंच कापतो. मग 'सदर' म्हणजे कोण, हें शोधण्यास संगणकास वारंवार मागें जावें लागतें व तो रेंगाळतो. यासाठीं अविडनें २००४ सालीं डीएनएक्सएचडी व ऍपलनें २००७ सालीं प्रोरेस या लिपि काढल्या. त्यांत प्रत्येक चित्र स्वयंपूर्ण असतें. फाईल पुष्कळ मोठी होते, परंतु काम सुलभ होतें.

ओंठ व शब्द यांची फारकत गतीमुळें होते. आपल्याकडील दूरचित्रवाणीची गति सेकंदास २५ चित्रें, तर अमेरिकेंतील २९.९७. ही दुसरी गति कोणी ३० धरून चालला, तर तासाभरांत १०८ चित्रांचा, म्हणजे ३.६ सेकंदांचा फरक पडतो. पुष्कळ मोबाईल तर उजेड कमी झाला कीं गतीहि कमी करतात. म्हणून संकलनापूर्वीं सर्व चित्रणें एकाच स्थिर गतीवर आणावीं.

चित्रणाबरोबर केलेलें संकलनहि दुसऱ्याकडे पाठवितां येतें. कोणता तुकडा कोठून कोठपर्यंत घ्यावा, याची यादी करून देतात. १९७१ सालीं स्थापन झालेल्या सीएमएक्स कंपनीच्या पद्धतीची अशी यादी आजहि वाचली जाते. मात्र तींतून मुख्यतः काप जातात, रंगकाम व अक्षरलेखन मागें राहतें. २०११ सालीं फायनल कट प्रो या कार्यक्रमाची नवी आवृत्ति आली, तेव्हां तींत त्याच कार्यक्रमाचीं जुनीं संकलनें उघडेनात. घरच्या घरींच जर ही गत, तर परक्या यंत्राचा काय भरंवसा?

हा प्रश्न केवळ सोयीचा नाहीं. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत लक्षावधी मोडी कागद आहेत. कागद शाबूत आहेत, पण वाचणारे थोडे. आज टिपलेलें आजीचें बोलणें किंवा बहिणीची पाठवणी पन्नास वर्षांनीं फाईल शाबूत असूनहि मुकी राहूं नये, अशी इच्छा असेल, तर विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं थोडी दक्षता घ्यावी. चित्रणापूर्वींच सर्वांनीं आकार व गति ठरवावी. मूळ फाईल पुसूं नये. तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. पुरें झालेलें काम सर्वत्र चालणाऱ्या लिपींत वेगळें उतरवावें, आणि दर कांहीं वर्षांनीं तें उघडून पाहावें. उघडण्यास कष्ट पडूं लागले, तर जुनी लिपि वाचणारें यंत्र हाताशीं आहे तोंच त्याची नव्या लिपींत नक्कल करून घ्यावी.