दहावीनंतरची निवड आणि आरोग्यसेवेचे शिक्षण

दहावीचा निकाल लागला, की गावोगावी हुशार मुलामुलींच्या पालकांना एकच प्रश्न विचारला जातो: "डॉक्टर करणार ना?" प्रश्न कौतुकाचा असला, तरी त्यामागे एक गैरसमज दडलेला असतो. आरोग्यसेवा म्हणजे डॉक्टरकी आणि डॉक्टरकी म्हणजे एम.बी.बी.एस., असा हा समज होय. त्यापायी बारावीनंतर एका परीक्षेत अपयश आले, की अनेक विद्यार्थी त्याच परीक्षेसाठी दोन-दोन, तीन-तीन वर्षे घरी काढतात किंवा या क्षेत्राकडे कायमची पाठ फिरवितात. ज्या इतर अभ्यासक्रमांसाठी ते पात्र होते, त्यांची वेळ तोवर निघून गेलेली असते. हे टाळावयाचे, तर शासकीय महाविद्यालयांतून व विद्यापीठांतून मिळणारे आरोग्यशिक्षण कसकसे आहे आणि त्याच्या वाटा कोठून फुटतात, हे दहावीच्या टप्प्यावरच माहीत असावयास हवे.

एका रुग्णाभोवतीचे हात

माडावरून पडून मांडीचे हाड मोडलेला एखादा पाडेली घ्या. रुग्णवाहिकेत त्याचा पाय स्थिर करणारा प्रशिक्षित कर्मचारी असतो. रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञ हाडाचे चित्र घेतो, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ रक्तगट पाहतो. अस्थिशल्यचिकित्सक शस्त्रक्रिया करतो. त्या वेळी भूलतज्ज्ञ त्याचा श्वास व नाडी सांभाळतो. पुढील कित्येक रात्री दर काही तासांनी ताप, नाडी व जखम पाहण्याचे काम परिचारिकेचे असते. औषधे बरोबर मात्रेत पोहोचविणे हे औषधनिर्मात्याचे काम, तर महिन्याभराने त्याला पुन्हा पायावर उभे करणे हे भौतिकोपचारतज्ज्ञाचे. यांपैकी एकही हात उणा पडला, तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाऊ शकते. या प्रत्येक कामासाठी स्वतंत्र शिक्षण आहे व त्यातील बहुतेकांची वाट अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेतून जाते.

गोव्यातील परंपरा

गोव्यात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. पोर्तुगीज राजवटीत १८४२ साली पणजी येथे वैद्यक व शल्यशास्त्राचे विद्यालय स्थापन झाले. तेथे वैद्यकाबरोबरच औषधनिर्मितीचेही शिक्षण दिले जाई. तेथून शिकून निघालेल्या अनेक गोमंतकीय डॉक्टरांनी आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींत सेवा केली. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतर, १९६३ मध्ये, या संस्थेला गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे नाव मिळाले व ती मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली. त्याच वर्षी औषधनिर्माणशास्त्राचे स्वतंत्र महाविद्यालय पणजीत सुरू झाले. १९८० मध्ये दंत महाविद्यालयाची भर पडली. १९८५ साली गोवा विद्यापीठाचे कार्य सुरू झाल्यावर या संस्था त्याच्या कक्षेत आल्या. वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय पुढे बांबोळीच्या पठारावर गेले. परिचर्या शिक्षणाची शासकीय संस्थाही तेथेच आहे. बांबोळीच्या रुग्णालयात केवळ गोव्यातील नव्हे, तर सिंधुदुर्ग व कारवार भागांतील रुग्णही येतात.

शासकीय संस्थेत शिकण्याचा मोठा लाभ येथेच आहे. शुल्क खासगी संस्थांच्या तुलनेने कमी असते, ही गोष्ट तर खरीच. परंतु आरोग्यसेवेचे शिक्षण पुस्तकापेक्षा रुग्णाच्या खाटेजवळ अधिक होते. जेथे सर्व थरांतील व सर्व प्रकारचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात, तेथे विद्यार्थ्याची नजर व हात दोन्ही तयार होतात.

शेजारच्या राज्यांत विद्यापीठाची व्यवस्था थोडी वेगळी आहे. कर्नाटकात १९९६ पासून बंगळूरचे राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठ व महाराष्ट्रात १९९८ पासून नाशिकचे आरोग्यविज्ञान विद्यापीठ केवळ याच शिक्षणासाठी आहे. बेळगाव येथे २००५ साली शासकीय वैद्यकीय संस्था स्थापन झाली. बडोद्याचे वैद्यकीय महाविद्यालय मात्र १९४९ पासून तेथील सयाजीराव विद्यापीठाचाच भाग आहे. यास्तव प्रवेश घेताना पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार, हे आधी विचारून घ्यावे.

कोणत्या वाटेस काय लागते

एम.बी.बी.एस. हा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्ष रुग्णालयात आंतरवासिता करावी लागते. दंतवैद्यकाची पदवी चार वर्षे व एक वर्षाची आंतरवासिता अशी आहे. या दोन्हींसाठी, तसेच आयुर्वेद व होमिओपॅथी यांच्या पदव्यांसाठी, 'नीट' ही राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आयुर्वेदाच्या इच्छुकांसाठी पेडणे तालुक्यात धारगळ येथे २०२२ साली केंद्र शासनाची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था सुरू झाली आहे.

'नीट' परीक्षेत एकूण ७२० गुण असतात. त्यांपैकी निम्मे जीवशास्त्राचे व उरलेले भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे. चुकीच्या प्रत्येक उत्तरास एक गुण वजा होतो. उमेदवाराने प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण केलेली असावी लागतात.

भाषेबाबत एक गोष्ट मराठी कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवावी. ही परीक्षा मराठीसह तेरा भाषांत होते. परंतु प्रादेशिक भाषांतील प्रश्नपुस्तिका त्या त्या भाषेच्या राज्यातील केंद्रांवरच देण्याची पद्धत असून मराठी पुस्तिका महाराष्ट्रातील केंद्रांवर मिळते. गोवा, बेळगाव, इंदूर किंवा बडोदे येथून परीक्षा देणाऱ्याने अर्ज भरतानाच त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहून भाषा व केंद्र ठरवावे. अनुवादात शंका उद्भवल्यास इंग्रजी मजकूर प्रमाण मानला जातो. म्हणून मातृभाषेतून शिकलेल्या विद्यार्थ्याने विज्ञानातील इंग्रजी संज्ञा अकरावीपासूनच परिचयाच्या करून घेणे हिताचे. पुढे महाविद्यालयातही त्याच संज्ञांची गाठ पडते.

परिचर्येत तीन पायऱ्या आहेत. साहाय्यक परिचारिका-प्रसाविका हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिविद्येची पदविका तीन वर्षांची आणि परिचर्येची बी.एस्सी. पदवी चार वर्षांची. पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय असावे लागतात. पदविकेसाठी मात्र विज्ञान शाखेची अट नाही. कला वा वाणिज्य शाखेतून इंग्रजीसह बारावी झालेल्यासही ती वाट मोकळी आहे. पदविका घेतलेल्या परिचारिकेला पुढे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाने पदवी मिळविता येते. खेड्यातील उपकेंद्रात बाळंतपण, लसीकरण व घरभेटी यांचा भार ज्या परिचारिका वाहतात, त्यांचे शिक्षण या वाटेने झालेले असते. परिचर्येची पदविका व पदवी मुलग्यांनाही खुली आहे.

औषधनिर्माणशास्त्राची पदविका दोन वर्षांची व पदवी चार वर्षांची आहे. येथे भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांच्या जोडीस जीवशास्त्र अथवा गणित यांपैकी एक विषय चालतो. पदविकाधारकास पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. औषधाचे दुकान चालविण्यापुरतेच हे शिक्षण आहे, असा समज आढळतो. परंतु रुग्णालये, औषधांचे कारखाने, औषध तपासणी व संशोधन ही सर्व क्षेत्रे त्यास खुली होतात. गोव्यात औषधनिर्मितीचे अनेक कारखाने असल्याने येथील तरुणांस याचे महत्त्व अधिक आहे.

भौतिकोपचार, व्यवसायोपचार, नेत्रमापन, क्ष-किरण, प्रयोगशाळा व शस्त्रक्रियागृह यांतील तंत्रज्ञान अशा संलग्न व्यवसायांसाठी २०२१ साली राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्यापूर्वी यांतील अनेक अभ्यासक्रमांना देशभर समान असे मोजमाप नव्हते. नव्या कायद्याखाली अभ्यासक्रमांचा कालावधी व प्रवेशाचे नियम ठरविले जात आहेत. तेव्हा दरवर्षीची माहितीपुस्तिका ताजी घेऊनच निर्णय करावा.

अकरावीचे विषय निवडताना

वरील माहितीचा सारांश एका वाक्यात सांगता येतो: अकरावीला जीवशास्त्र घेतले, तर जवळजवळ सर्व दारे उघडी राहतात, ते सोडले, तर काही बंद होतात. जीवशास्त्राविना बारावी झालेल्यास तो विषय जादा विषय म्हणून उत्तीर्ण होण्याची सवलत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ साली दिली आहे. तरी त्यात वेळ व श्रम खर्च होतातच. गणित व जीवशास्त्र दोन्ही घेणाऱ्या विद्यार्थ्यास अभियांत्रिकी व आरोग्य ही दोन्ही क्षेत्रे खुली राहतात. अभ्यासाचा भार मात्र वाढतो. विद्यार्थ्याची कुवत पाहून शिक्षकांनी येथे सल्ला द्यावा.

अर्जाच्या वेळी दाखल्यांअभावी धावपळ होते, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. निवासाचा, जातीचा वा उत्पन्नाचा दाखला महसूल कचेरीतून मिळण्यास वेळ लागतो. बारावीचे वर्ष सुरू होताच हे काम हाती घ्यावे. वैद्यकीय व दंत महाविद्यालयांतील १५ टक्के शासकीय जागा अखिल भारतीय पातळीवरून भरल्या जातात व उरलेल्या राज्यामार्फत. त्यामुळे दोन्हीकडे वेगळी नोंदणी करावी लागते. गोव्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश पर्वरी येथील तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत होतात. तेथून प्रसिद्ध होणारी माहितीपुस्तिका हाच अधिकृत आधार मानावा. कोणी मध्यस्थ पैशांच्या मोबदल्यात जागा मिळवून देण्याची हमी देत असेल, तर त्यापासून दूर राहावे. शासकीय महाविद्यालयातील जागा गुणवत्तेच्या यादीनुसारच मिळते.

मान्यतेची खातरजमा

खासगी संस्थेत प्रवेश घ्यावयाचा झाल्यास संस्थेला संबंधित राष्ट्रीय परिषदेची वा आयोगाची मान्यता आहे काय, हे पैसे भरण्यापूर्वी पाहणे अत्यावश्यक आहे. परिचर्येसाठी १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद व औषधनिर्माणासाठी १९४८ च्या कायद्याने औषधनिर्माण परिषद स्थापन झाली. वैद्यकासाठी २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आहे. मान्यता नसलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र कितीही देखणे असले, तरी त्यावर राज्याच्या परिषदेत नाव नोंदविता येत नाही आणि नोंदणीविना व्यवसाय करणे बेकायदेशीर ठरते. गरीब कुटुंबाने जमीन गहाण टाकून भरलेले शुल्क अशा वेळी परत मिळणे दुरापास्त असते.

गाव हीदेखील शाळा

वैद्यकाचा विद्यार्थी केवळ रुग्णालयात शिकतो असे नाही. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे ग्रामीण प्रशिक्षण केंद्र तिसवाडीतील मंडूर येथे आहे. राष्ट्रीय आयोगाने आता प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याकडे अभ्यासकाळात लक्ष द्यावे, असा कार्यक्रमही अभ्यासक्रमात घातला आहे. गावकऱ्यांनी अशा विद्यार्थ्यांना रक्तदाब मोजू द्यावा, घरातील पाणी व आहार यांची माहिती द्यावी, आपल्या शंका विचाराव्या. त्यातून घराला सल्ला मिळतो व उद्याचा डॉक्टर गाव ओळखू लागतो.

शाळांनीही थोडे पुढे यावे. दहावीच्या वर्गासमोर वर्षातून एकदा जवळच्या आरोग्यकेंद्रातील परिचारिका, औषधनिर्माता व प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांना बोलावून त्यांच्या कामाची माहिती द्यावयास लावावी. हे व्यवसाय मुलांच्या नजरेसमोरचे असतात. त्यांचे शिक्षण कसे घ्यावयाचे, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. तेवढे वेळेवर कळले, तर बारावीचा निकाल हाती आल्यावर विद्यार्थ्यापुढे एकाऐवजी अनेक वाटा असतील आणि त्यांतील कोणतीही धरली, तरी ती रुग्णाच्या खाटेपाशीच पोहोचेल.